वरून आला का खालून

मागच्या वैशाखात माहेरी होते. रेणापूरजवळचं आमचं गाव. दिवसभर नुसती काहिली. पत्र्याखाली बसवत नव्हतं आणि लिंबाखाली बसावं तर झळा तिथंही गाठायच्या. चारच्या सुमाराला मावळतीकडं आभाळ दाटून आलं, धुरळ्याचा लोट उठला, कुणाच्या तरी कडब्यावरचा कागद फडफडत उडून गेला आणि लाईट गेली. भावाची नात, पाचवीतली पोर, ओसरीवर मला खेटून बसली. वीज चमकली की मी आपोआप मोजते, त्या दिवशी माझे ओठ हलले असतील. "काय मोजायलीस आज्जी?" तिनं विचारलं. सांगेपर्यंत दुसरी चमकली, मग दोघी मिळूनच मोजायला लागलो. अकरावर होतो तेव्हा गडगडलं. लांबलचक, खर्जातलं, संपता संपेना. मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या. वळून बघते तर दाराशेजारची मायची खाट रिकामी.

माय अंगणात उभी होती. अगदी मधोमध, मोकळ्यावर, अनवाणी. टपोरे थेंब पडायला लागले होते आणि तिचं लक्ष आभाळाकडं नव्हतंच, पायाखाली होतं. मी धावत जाऊन दंडाला धरलं, "माय, विजा पडायल्यात, आत चल." अठ्ठ्याहत्तरीची बाई, पण जागची हलेना. माझ्याकडं बघत म्हणाली,

"वरून आला का खालून?"

"वरून, माय. आभाळ गडगडलं." तेव्हा कुठं पाऊल उचललं तिनं. नांदेडला परत आले, शाळा सुरू झाली, नववीच्या वर्गात फळ्यावर लाटा काढल्या, शिखर दाखवलं, द्रोणी दाखवली, तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. एकतीस वर्षं विज्ञान शिकवतेय. ध्वनी, प्रकाश, तरंगलांबी, वारंवारता दरवर्षी शिकवते. एवढ्या वर्षांत एकाही पोरानं लहरींबद्दल इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही.

विजेच्या बाबतीत बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कायदा वेगळा होता, आणि तो रेडिओवर चालायचा. कोनाड्यात चामडी खोळीतला ट्रान्झिस्टर असायचा, कायम परभणी केंद्रावर लावलेला. मध्यम लहरी, २२९.९ मीटर, म्हणजेच १३०५ किलोहर्ट्झ. हे आकडे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे पाठ होते. जेठात पाळी घालायला जाताना बापू तो शेतात न्यायचे, धुऱ्यावर भाकरीच्या गाठोड्याशेजारी ठेवायचे. आभाळ अजून मोकळं असायचं, कुठं तरी क्षितिजाशी ढगाची एक काळी रेघ, आणि रेडिओ गाण्याच्या मधेच कडाड्‌ करायचा. पुन्हा थोड्या वेळानं कडाड्‌. बापू कान देऊन ऐकायचे. कडाडणं दाट व्हायला लागलं की म्हणायचे, "रेडिओ बोलायला लागला, बैलं सोडा." अर्ध्या-पाऊण तासानं ढग डोक्यावर यायचा, तोवर आम्ही घरात असायचो. वाटेत बाभळीखाली, लिंबाखाली थांबायची सक्त मनाई. आणि घरात आल्यावर मोजणी: चमकल्यापासून गडगडेपर्यंत जेवढे आकडे, त्याला तिनानं भागायचं, तेवढे किलोमीटर. आकडे तिसाच्या आत आले की कुणीही उंबरा ओलांडायचा नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणून हे गणित जमतं. बापू चौथी शिकलेले. हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण आमच्या घरातली एकही व्यक्ती, एकही जनावर विजेनं गेलं नाही, आणि आमच्याकडं दर उन्हाळ्यात विजेनं माणसं जातात, बैल जातात.

लहानपणी मला कोडं पडायचं ते रेडिओचं. रेडिओतला कडाका आणि डोळ्यांपुढची चमक एकाच क्षणी यायची, बरोबर एकाच क्षणी, आणि खरा आवाज मात्र मागून यायचा. रेडिओतून येतो तोही आवाजच ना? मग तो आधी कसा? लातूरला अकरावीत गेले तेव्हा कळलं की रेडिओ आभाळातला आवाज ऐकतच नाही. वीज म्हणजे आभाळातली भली मोठी ठिणगी. ठिणगीतून विद्युतचुंबकीय लहरी सुटतात, त्यातल्या काही डोळ्याला दिसतात, ती चमक. त्याच घराण्यातल्या लांब लहरी ट्रान्झिस्टरला कळतात, तो कडाका. दोन्ही सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या वेगानं येतात. आवाज बिचारा हवेतून पायी येतो. क्षणात हजारो अंशांनी तापलेली हवा फुगून फाटते, तिचा तो धक्का. विजेची रेघ काही किलोमीटर लांब असते, तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा नंतर, म्हणून गडगडाट असा लोळत लोळत येतो. कॉलेजातून एस.टी.नं गावी आले आणि बापूंना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सगळे एकाच टायमाला निघतात, फक्त पोचायचा टाइम वेगळा." यापेक्षा सोपं मला अजूनही वर्गात सांगता येत नाही.

त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. "ते २२९ मीटर म्हणतात, ते मीटर कशाचे?" रेडिओवर मीटर कशाला लागतात? तेही सांगितलं: एका लाटेची लांबी. परभणीहून निघालेल्या लाटेच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत २३० मीटर. मग आम्ही दोघं पावलं टाकत निघालो. आमच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत साधारण तेवढंच भरलं. बापू पारावर टेकले, परत घराकडं बघितलं, आणि हातानं हवेत एक लांबलचक वळण काढलं. अशा लाटा सेकंदाला १३ लाख ५ हजार जातात आपल्यावरून, मी म्हणाले. १३ लाख ५ हजार गुणिले २२९.९ करा, ३० कोटी मीटर येतात, तोच प्रकाशाचा वेग. त्यांनी गुणाकार केला नाही. पण त्यानंतर कुणी पाहुणा आला आणि रेडिओ लागला, की ते हात लांब करून म्हणायचे, "हितून मारुतीपर्यंत एक लाट."

जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत टेकाडावर उभं राहिलं की जोंधळ्यात वाऱ्याच्या लाटा दिसतात. या बांधावरून निघालेली लाट त्या बांधाला जाऊन भिडते. पण जोंधळ्याचं एकही ताट जागचं हललेलं नसतं, फक्त वाकून पुन्हा सरळ झालेलं असतं. लाट जाते, ताट राहतं. वर्गात मी हेच सांगते आणि पोरांना लगेच कळतं. अडतं ते पुढं. प्रकाशाच्या लाटेला ताटच नाही. पाणी नाही, हवा नाही, दोर नाही. विद्युत क्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र जागं होतं, ते बदललं की पुन्हा विद्युत, आणि एकमेकांना उठवत दोघं पोकळीतून निघतात. मॅक्सवेलनं १८६५ साली ही समीकरणं मांडली. त्यातून लाटेचा वेग काढला तो नेमका प्रकाशाच्या वेगाशी जुळला, आणि प्रकाश म्हणजे काय हे माणसाला आकडेमोडीतून कळलं. हर्ट्‌झनं जर्मनीत कार्लस्रूहला १८८७-८८ मध्ये ते करून दाखवलं. इकडं मोठी ठिणगी पाडली, तिकडं काही मीटरवर तारेचं एक तुटकं कडं धरलं, त्या फटीत बारीकशी ठिणगी उडाली. मधे तार नाही, काही नाही. बापूंचा धुऱ्यावरचा ट्रान्झिस्टर आणि क्षितिजावरची वीज, हुबेहूब तोच खेळ. हर्ट्‌झ अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला, १८९४ च्या पहिल्या दिवशी. आमच्या ओसरीवर परभणीची निवेदिका रोज त्याचं नाव घ्यायची, किलोहर्ट्झ म्हणताना.

गावातल्या भजनी मंडळात काका पेटी वाजवायचे, त्यामुळं मला वर्णपट पेटीवरच कळतो. वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक चढलं. पेटीला सप्तकं तीन-साडेतीन. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत डोळ्याला जे काही दिसतं, हिरवी पात, हळद, मायचं लाल लुगडं, ते सगळं मिळून भरतं जेमतेम एक सप्तक. परभणीची रेडिओलहर या सप्तकाच्या जवळपास एकोणतीस सप्तकं खाली. लातूरला मायच्या गुडघ्याचा फोटो काढला ते क्ष-किरण साधारण तेरा-चौदा सप्तकं वर. मोबाइलच्या लाटा चार बोटांपासून हातभर. आणि एवढ्या लांबलचक पेटीचा फक्त एक तुकडा डोळ्याच्या वाट्याला. पण शरीराला थोडं आणखी कळतं. वैशाखातल्या रात्री दगडी भिंतीजवळून जाताना, हात न लावतासुद्धा, गालाला ऊब लागते. दिवसभर खाल्लेलं ऊन भिंत अवरक्त लहरींतून परत देत असते, दिसणाऱ्या रंगांच्या चारेक सप्तकं खालून. हर्शेलनं १८०० साली लोलकातून रंग पाडले, तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथं, तापमापी ठेवली आणि पारा चढला. लहानपणी मी अशी भिंतीजवळ गाल नेऊन उभी राहायचे. दोन-दोन हात रुंदीच्या, दगड-मातीच्या भिंती. वर लाकडी माळवद, त्यावर दर पावसाळ्याआधी टाकलेली पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्या घरावर आम्हा सगळ्यांचा जीव होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, बापू आणि भाऊ गणपती बोळवून उशिरा आलेले. मी बाळंतपणाला माहेरी होते, लेक दोन महिन्यांची. पहाटे चारच्या आधी ती रडली म्हणून तिला पाजायला उठून बसले होते. ३ वाजून ५६ मिनिटं हे नंतर सगळ्यांना कळलं. मी एवढंच सांगू शकते की सगळ्या घरात मी एकटी जागी होते. आधी आवाज आला. खोल, जड, घरघर. मला वाटलं रस्त्यावरून ट्रक चाललाय. मग वाटलं, एवढा मोठा ट्रक? कंदिलाची काच थरथरली. मी बसून राहिले. लेक पीत होती, तिला तोडावंसं वाटेना. आणि मग घर आडवं हललं. उतरंड कोसळली, माळवदाची माती झरझर अंगावर आली, कोनाड्यातला ट्रान्झिस्टर खाली आपटला. माय कशी उठली, तिनं माझ्या कुशीतून पोर कशी घेतली, मला काही आठवत नाही. अंगणात आलो तेव्हा हलणं थांबलं होतं. आमची एक भिंत वरपासून खालपर्यंत उकलली, बाकी घर उभं राहिलं.

भूकंपाचं केंद्र किल्लारी, आमच्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर.

जमीन हादरली की तिच्यातून दोन लाटा निघतात. पहिली ढकलाढकलीची. परळीला कोळशाच्या मालगाडीला इंजिन जोडताना बघितलंय का? धक्का इंजिनापाशी बसतो आणि धड-धड-धड करत डब्याडब्यातून शेवटपर्यंत पळत जातो. तशी ही लाट खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते, पुस्तकात तिला अनुतरंग म्हणतात, आवाजाच्याच जातीची. जमिनीवर पोचली की हवेलाही थोडा धक्का देते, तीच ती घरघर. दुसरी कासऱ्याला हिसडा दिल्यावर जशी नागमोड पळते तशी, आडवी हलवणारी, अवतरंग. तिचा वेग साडेतीनच्या आसपास. घरं पाडते ती मुख्यतः ही दुसरी आणि तिच्यामागून पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा. दोघी एकाच टायमाला निघतात, पोचायचा टाइम वेगळा. दोघींमधले सेकंद मोजायचे आणि आठानं गुणायचं, तेवढे किलोमीटर लांब ती जागा. पन्नास किलोमीटरवर सहा-सात सेकंद मिळतात. ते सहा-सात सेकंद मी ट्रकचा विचार करत बसून होते. मी, जी विजेची चमक दिसली की मोजायला लागते.

मावशी किल्लारीच्या शेजारच्या गावात होती. मायची पाठची बहीण. आदल्या वर्षी, ९२ सालीही तिकडं हादरे बसले होते. दिवाळीत आली तेव्हा सांगायची, जमीन गुरगुरते, भांडी वाजतात, आता सवय झालीय. तसल्याच दगड-मातीच्या भिंती, तसलंच माळवद, आमच्यापेक्षा जाड. बापू आणि मामा दुसऱ्या दिवशी पोचले. पाऊस पडत होता. बापूंनी त्याबद्दल घरी काही सांगितलं नाही, मरेपर्यंत नाही. मी पुढं कधी तरी कागदावर हिशोब मांडला होता. अगदी तिथं, त्या जागेवर, दोन लाटांमधलं अंतर किती असेल? एक सेकंद. फार तर सव्वा. जाग यायलाही पुरत नाही. तो कागद मी मायला दाखवला नाही, पण मला त्याचा आधार होता का त्रास होता हे अजून ठरवता येत नाही. मावशीला कळलं असेल का, घाबरली असेल का, याचं उत्तर त्या एका सेकंदात आहे. बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचंच वाईट वाटतं.

तेव्हापासून माय घरात आतल्या खोलीत झोपलेली नाही. आधी दोन वर्षं अंगणात, मग ओसरीवर, भावानं पत्र्याचं नवं घर बांधलं तेव्हा दाराशेजारी. निलंगा-औसा भागात अधूनमधून जमिनीतून आवाज येतात, लोक रात्र रस्त्यावर काढतात, पेपरात बातमी येते. १० जुलै २०२४ ला हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेडला आमची भांडी सकाळी सकाळी वाजली. मी घरी फोन लावला. माय म्हणाली, "खालून होता. मी भाईर गेले होते." तिनं ओळखलेलं असतं. बहुतेक वेळा ओळखते. फक्त वळवाच्या गडगडाटात चुकते, कारण तो लांबचा गडगडाट आणि ती घरघर कानाला एकसारखी लागते, दोन्ही आवाजाच्याच जातीच्या लाटा. आणि दोन्हीचे कायदे उलटे. आभाळ बोललं तर आत यायचं, जमीन बोलली तर बाहेर पळायचं. बापू आत बोलावतात, मावशी बाहेर.

औंढा नागनाथला मायला घेऊन दोनदा गेलेय. आता त्या परिसरात लायगो-इंडिया उभी राहणार आहे, केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातून लेसरचा झोत. विश्वात कुठं दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशच हेलकावतं, ते इथं मोजायचं. भुजेच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान. म्हणून तिथं जमीन निवांत लागते; ट्रक गेला, आगगाडी गेली तरी यंत्राला कळतं. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ ला अशी पहिली लहर पकडली. एकीला आधी कळलं, तीन हजार किलोमीटरवरच्या दुसरीला ७ मिलिसेकंदांनी. त्या ७ मिलिसेकंदांवरून आभाळात कुठं बघायचं याचा अंदाज बांधला. आणखी एक केंद्र असेल तर तो अंदाज पक्का होतो, त्यासाठी हे हिंगोलीचं. तेही मोजतातच. १७ ऑगस्ट २०१७ ला तर दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची गुरुत्वलहर आली आणि १.७ सेकंदांनी त्यांचा गॅमा किरणांचा झोत. तेरा कोटी वर्षांचा प्रवास करून दोघं पावणेदोन सेकंदांच्या फरकानं दारात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बापू असते तर त्यांनी विचारलं असतं, आधी कोण निघालं?

त्या वैशाखातल्या संध्याकाळी, मायला आत आणल्यावर, पोर ट्रान्झिस्टर घेऊन आली. ९३ साली आपटल्यापासून खोळीला दोरा बांधलेला आहे. "हा चालत नाही, नुसता खरखर करतो," म्हणाली. रोज खरखरतो, कारण घरात आता एलईडीचे दिवे आहेत, दोन-तीन चार्जर भिंतीला कायम लटकलेले, त्यांचा गोंगाट मध्यम लहरींवर येतो. पण त्या वेळी लाईट गेलेली होती. सेल घातले, बटण फिरवलं. घर कधी नव्हे ते शांत होतं. बारीकसा आवाज आला, मी बापूंसारखा तो आडवा करून थोडा फिरवला, तसं परभणी स्वच्छ लागलं. आणि गाण्याच्या मधेच कडाड्‌. त्याच क्षणी ओसरीवर उजेड. पोर डोळे मोठे करून माझ्याकडं बघायला लागली.

"मोज," मी म्हणाले.

एक, दोन, तीन. ढग पुढं सरकला होता. मायनं खाटेवर उठून बसत दाराची चौकट धरली. पोर मोठ्यानं मोजत होती, आकडा चढत होता, माय तिच्या तोंडाकडं बघत होती. अठराला गडगडलं. ताटल्या किणकिणल्या. माय उठणार एवढ्यात पोर ओरडली, "वरून, मोठी आज्जी! सहा किलोमीटर!"

माय बसून राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा बघितलं, तिचे दोन्ही तळवे जमिनीला घट्ट टेकलेले होते.